झोपेतला हात

स्वयंपाकघराचं दार ड्रायव्हरणीनं स्वतःच्या हातानं उतरवलं. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजून घट्ट बसले होते, म्हणून आदल्या दिवशीच त्यांना तेल पाजून ठेवलं होतं. शेजारच्या शिंपीणबाईंनी दार खालून धरलं. वरचा शेवटचा स्क्रू निघाला आणि सगळा भार त्यांच्या खांद्यावर आला.

"अगं, माझी हाडं मोडशील! आणि हे काढून करणार काय?"

"जेवणार त्याच्यावर."

"आणि तुझ्या वन्सं आल्या म्हणजे?"

"त्याही जेवतील."

दोन लोखंडी ट्रंका मध्ये वीतभर फट सोडून शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्यावर दार आडवं टाकलं. खुर्चीत बसून भाजी चिरायला बेताच्या उंचीचं टेबल झालं. दाराच्या कडेला वन्संनी बसवून घेतलेली कडी तशीच राहिली. कडीत कुलूपही तसंच. आता ते नुसतंच लोंबत होतं. ड्रायव्हरीण त्याला हात पुसायचं फडकं अडकवायची.

नवरा रेल्वेचं इंजिन चालवायचा. वसाहतीत त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत, तेव्हा ती आपसूक ड्रायव्हरीण झाली. त्याआधी आणि त्यानंतरही बरीच वर्षं ती एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती. हंड्यानं आमटी आणि पोत्यानं बटाटे. तिशी उलटल्यावर एके दिवशी तिथेच, भांडी विसळायच्या जागी, तिला पहिली फिट आली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फिट कमी झाल्या, थांबल्या मात्र नाहीत. वसतिगृहानं गोड शब्दांत घरी विश्रांती घ्यायला सांगितलं. घरी आल्यावर एकदा उकळत्या पाण्याचं पातेलं हातात असताना ती कोसळली. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कातडी परत आली, रंग आला नाही.

दवाखान्यात वन्सं आल्या. ड्रायव्हरची ही थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. तिचा शब्द त्या घरात खाली पडत नसे.

"स्वयंपाकघराला कुलूप," वन्सं म्हणाल्या. "किल्ली शिंपीणबाईंकडे. सोबतीला कुणी असेल तरच उघडायचं."

ड्रायव्हरनं मान हलवली. ताईपुढे तो लहानपणापासून मानच हलवत आला होता.

मग काही महिने असे गेले, की चहाची तल्लफ आली तर ड्रायव्हरणीनं भिंत ठोकायची, पलीकडे शिलाई मशीनची खडखड थांबायची, आणि बोटात अंगुस्तान तसंच ठेवून शिंपीणबाई किल्ली घेऊन यायच्या. चहा उकळेपर्यंत त्या उभ्या राहायच्या. त्यांचं काम खोळंबायचं, हिचा चहा कडू व्हायचा. शेवटी एक दिवस तिनं स्क्रूंना तेल पाजलं.

वन्सं आल्या, दाराच्या टेबलाकडे बघत राहिल्या. आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं, असं ड्रायव्हरणीला वाटलं.

"हिंमत केलीस," त्या म्हणाल्या. "आता माझंही ऐक. या घरात तुझ्यामुळे पुन्हा काही भाजलं किंवा पेटलं, की दुसऱ्या दिवसापासून तू माझ्याकडे. सकाळी यायचं, दिवे लागल्यावर जायचं. आणि माझ्या घरात ओटा माझा आहे."

"तुम्ही काय म्हणता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तो बुटाची नाडी सोडत होता. "मला गाडीवर असताना घरची काळजी नको. ताई म्हणते त्यात चूक काय आहे?"

म्हणजे ठरलं. एकदा चूक, की ओटा गेला.

त्या दिवसापासून ती आपल्याच स्वयंपाकघराकडे पोलिसासारखी बघायला लागली. फिट येणं तिच्या हातात नव्हतं. कशावर पडायचं, ते होतं. ती ओट्यासमोर उभी राहायची, डोळ्यांनी पडून बघायची, आणि जिथे लागेल तिथे काहीतरी करायची. विकत फारसं काही आणलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यांना जुन्या रबरी चपलांचे तळ कापून ठोकले. भंगारात निघालेल्या फ्रीजची तारेची जाळी शेगडीपुढे उभी करून तारेनं आवळली. तोल गेलाच तर अंग जाळीवर आदळेल, विस्तवावर नाही. जाळीतून हात घालता येत नव्हता, पातेलं वरूनच उचलावं लागे. त्याचा तिला राग यायचा, आणि तेच बरं होतं. बटाटे उकडायचे ते मोठ्या गाळणीत घालून गाळणीच पातेल्यात सोडायची. शिजले की गाळणी उचलायची, उकळतं पाणी जागेवर थंड होऊ द्यायचं. ओतायचं मुळीच नाही. भाजी चिरायच्या पाटाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा, म्हणजे सुरी चालताना पाट सरकत नाही. काचेची भांडी शिंपीणबाईंना देऊन टाकली. अंगात नवऱ्याचा जुना सुती युनिफॉर्मचा शर्ट, बाह्या कापलेला. लोंबणारं, फडफडणारं काही नको.

शिंपीणबाईंना सर्वांत हसू आलं ते सिलिंडरचं. रेग्युलेटरचा खटका कडक होता. फिटनंतर तिच्या बोटांत बराच वेळ जोर नसायचा, म्हणून तिनं लाकडी कालथ्याचा दांडा कापून खटक्यावर आडवा धरला आणि ट्यूबच्या पट्टीनं गच्च बांधला. आता तो कोपरानंही फिरत होता.

"सिलिंडरला शिंग फुटलं की गं!" शिंपीणबाई म्हणाल्या. "उद्या दूध देईल."

"दिलं तर तुम्हालाच पहिला पेला."

राहिला एक प्रश्न. ती पडलीय हे कळणार कुणाला?

उत्तर नवऱ्याच्या बोलण्यातून मिळालं. इंजिनात ड्रायव्हरसमोर एक बटण असतं. थोड्या थोड्या वेळानं ते दाबावं लागतं. दाबलं नाही तर आधी कर्कश आवाज होतो, तरी दाबलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतात. ड्रायव्हर जागा आहे ना, हे गाडी त्याला सारखं विचारत असते.

"आता इतकी सवय झालीय," ड्रायव्हर एकदा हसून म्हणाला होता, "की झोपेतही दाबेन."

घरात त्याचा जुना, बटणांचा फोन पडून होता. त्याचा गजर एक कळ दाबली की गप्प बसायचा आणि काही मिनिटांनी पुन्हा बोंबलायचा. कुणी कळ दाबली नाही तर बोंबलतच राहायचा. तिनं तो स्टीलच्या उभ्या पेल्यात ठेवला. पेल्यानं आवाज दुप्पट झाला. पेला ठेवला उंबऱ्याजवळच्या फळीवर, स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधोमध. शेगडी पेटवली की गजर लावायचा. वाजला की तिनं येऊन दाबायचा. दाबायला ती आली नाही, तर तो वाजत राहील, भिंतीपलीकडे ऐकू जाईल, आणि शिंपीणबाई त्यांच्याकडे ठेवलेली घराची किल्ली घेऊन धावतील.

दोनदा असं झालं. दोन्ही वेळा शिंपीणबाई आल्या, गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसलं. काही जळलं नाही, कुणी भाजलं नाही. वन्संना दोघींनी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं दोघी एकमेकींना म्हणाल्या.

तिचा एक नियम होता: एकटी असताना तळण नाही. तेल तिनं घरातल्या वाघासारखं मानलं होतं. पाणी आटतं, तेल पेटतं.

त्या दिवशी ड्रायव्हर रात्रपाळी करून सकाळी आला. ओळीनं किती रात्री झाल्या ते त्यालाही आठवत नव्हतं. शर्ट काढला, एका पायातला मोजा काढला, दुसरा तसाच राहिला आणि तो बाहेरच्या खोलीत पलंगावर आडवा झाला. संध्याकाळी वन्सं येणार होत्या.

दुपारी ड्रायव्हरीण ओट्याशी उभी राहिली. मागच्या शेगडीवर बटाटे. कढई हातात घेऊन ती जरा थांबली. नवऱ्याला बटाट्याचे तळलेले काप आवडायचे. वन्संनाही. गेल्या कित्येक महिन्यांत या घरात तळणीचा वास आला नव्हता.

आज एकटी कुठे आहे, तिनं स्वतःला विचारलं. घरात माणूस आहे.

तिनं कढई दुसऱ्या शेगडीवर ठेवली आणि तेल ओतलं. गजर लावला, फोन पेल्यात टाकला.

तोंडात लोखंडाची चव आली. फिटच्या आधी कधी कधी यायची. तिनं शेगडीच्या बटणाकडे हात नेला, तो नेतानाचं तिला आठवतं. हात पोचलेला आठवत नाही.

पुढचं पहिलं म्हणजे आवाज. लांबून येणारा, मग कानात शिरणारा. पेल्यातला फोन बोंबलत होता. गालाखाली गार फरशी होती. तोंडात रक्त होतं, जीभ चावली गेली होती. ती टेबल आणि ओटा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडली होती. वर कढई होती. तेल दिसत नव्हतं, वास येत होता.

वाजू दे, तिला वाटलं. वाजत राहू दे. शिंपीणबाई येतील.

तेवढ्यात पलंग करकरला. पावलं आली. दोन ट्रंकांच्या फटीतून तिला दिसले ते पाय. एक अनवाणी, एकात मोजा. मोज्याला अंगठ्याशी भोक. पाय फळीपाशी थांबले.

आवाज बंद झाला.

पाय वळले आणि परत गेले. पलंग पुन्हा करकरला.

तिनं हाक मारली. म्हणजे मारायची ठरवली. 'अहो' हा शब्द तिला डोक्यात लख्ख दिसत होता, तोंडात तो नव्हताच. फिटनंतर असंच व्हायचं. शब्द शेवटी परत यायचे. त्याआधी हातपाय, तेही एका बाजूचे. भिंतीपलीकडे शिलाई मशीन खडखडत होतं. शिंपीणबाईंनी गजर ऐकला असेल, तो बंद झालेलाही ऐकला असेल. म्हणजे सगळं ठीक. म्हणजे बाई उभी आहे.

तिचीच युक्ती तिच्यावर उलटली होती. फोनला काय ठाऊक, कळ कुणी दाबली?

आणि ते दार. कौतुकानं मांडलेलं ते टेबल आता तिला उंबऱ्यापासून झाकत होतं. त्या फटीखेरीज कुणाच्या नजरेला तिच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती.

बटाट्यांचा आवाज बदलला. आधी बुडबुडत होते, आता गाळणीचा तळ पातेल्याला खडखडत होता. पाणी आटत आलं होतं. तेलाचा आवाज मुळीच नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. वसतिगृहात तिनं एकदा पेटलेली कढई पाहिली होती. आधी निळसर धूर, मग जरा शांतता, मग भप्प. इथे धूर जाळीवरून वर चढून खिडकीबाहेर जात होता. खिडकी तिनंच उघडी ठेवली होती, नवऱ्याची झोप वासानं मोडू नये म्हणून.

सिलिंडर ओट्याखाली, तिच्या पायांच्या बाजूला होता. वळणं भाग होतं. उजवी बाजू ओल्या गोणीसारखी जड. तिनं डावा, भाजलेला हात पुढे टाकला, फरशीवर कोपर रोवलं, अंग ओढलं. मग पुन्हा. मध्येच डोळ्यांपुढे अंधारी आली, ती गेली.

फोन पुन्हा बोंबलला.

पलंग. पाय. ती फटीच्या तोंडाशी आली होती. आता त्यानं नुसतं खाली वाकून बघितलं असतं तर पुरे होतं. आवाज बंद झाला. मग वरून त्याचा आवाज आला, जड, भरलेला.

"हिरवा?"

तिला क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. इंजिनात सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्यानं त्याचा रंग पुकारतो आणि बाजूचा सहायक तोच रंग उलट पुकारतो. दोघांनी पुकारल्याशिवाय तो सिग्नल धरायचा नाही. नवरा उभ्या उभ्या झोपेत गाडी चालवत होता.

"अं..." तिच्या तोंडून निघालं. सगळा जीव एकवटून तिनं हाक मारली होती, बाहेर आलं ते एवढंच.

"ठीक," तो म्हणाला, आणि पाय परत गेले.

रडायला तेव्हा वेळ नव्हता. धूर आता खालीही उतरत होता, घशाला टोचत होता. अजून एकदा कोपर, अजून एकदा. कपाळ सिलिंडरच्या थंड पत्र्याला लागलं. वर ते शिंग. बोटं त्याच्याभोवती वळेनात. तिनं कोपर दांड्याखाली घातलं आणि खांद्यानिशी वर रेटलं. दांडा हलला, अडकला. ट्यूबच्या पट्टीनं धरून ठेवलं. पुन्हा रेटलं.

खट्.

वर दोन्ही शेगड्यांवर फुस्स झालं, आणि मग काहीच नाही. बटाटे थोडा वेळ खडखडून गप्प झाले.

ती सिलिंडरला टेकून पडून राहिली. श्वास मोजावेत असे येत होते. हळूहळू उजव्या बोटांत मुंग्या आल्या, म्हणजे हात परत येत होता. जिभेवर 'अ' आला, 'हो' आला. थोड्या वेळानं ती बसू शकली असती, मग उभी राहू शकली असती. काळं पातेलं घासता आलं असतं, तेल फेकता आलं असतं, फरशीवरचं रक्त पुसता आलं असतं. नवरा झोपलेला. वन्सं संध्याकाळी. काही भाजलं नव्हतं, काही पेटलं नव्हतं. वन्संच्या अटीत बसत नव्हतं.

फोन परत वाजणार होता. तो वाजला की पाय येणार, 'हिरवा' विचारणार. तिनं नुसतं 'अं' म्हटलं की तो झोपायला जाणार, आणि ओटा तिचा राहणार.

पण तिला तो हात दिसत होता. झोपेत चालत आलेला, नेमकी कळ शोधून दाबणारा, चूक न करणारा हात. असाच तो रात्री इंजिनातल्या त्या बटणावर असणार. त्याच्या मागे किती डबे, किती माणसं, ते तिनं मनात आणलं नाही. आणायची गरज नव्हती.

आणि गप्प राहिलं तर? तर सगळं उघडं पडेल. तळण, पडणं, आधीच्या दोन वेळा, सगळं. उद्या सकाळपासून वन्संचं घर.

फोन बोंबलला. पाय आले. आवाज बंद झाला.

"हिरवा?"

तिनं ओठ मिटून घेतले. जीभ आता जवळजवळ तिची झाली होती.

"हिरवा?" आवाजात किंचित त्रास. सहायक झोपला की काय, असा.

ती गप्प.

फटीतून दिसणारे पाय तिथेच थांबले. पुकारल्याला उत्तर आलं नाही तर पुढे जायचं नाही, हे त्याच्या हाडात होतं. मग मोज्यातला अंगठा हलला. दुसरा पाय एक पाऊल पुढे आला. एक लांब श्वास तिला ऐकू आला, नाकातून घेतलेला, वास ओळखणारा.

"अगं?" तो म्हणाला. हा आवाज वेगळा होता. हा जागा होता. "अगं, कुठे आहेस?"

टेबलाला वळसा घालून तो आला आणि मटकन तिच्याशेजारी बसला. कढईकडे बघितलं, पातेल्याकडे, वर फिरलेल्या दांड्याकडे. शर्टाच्या बाहीनं तिची हनुवटी पुसायला गेला, तर शर्ट अंगात नव्हताच. मग तळहातानं पुसली.

"फोन कसा नाही वाजला?"

तिनं जीभ वळवत शब्द जुळवले.

"वाजला. तुम्ही आलात. तीनदा."

"मी? मी आत्ता उठतोय."

"डाव्या मोज्याला भोक आहे," ती म्हणाली. "अंगठ्याशी. आधी अनवाणी पाय यायचा, मग मोजा. तीनदा बघितलं."

त्यानं मान खाली घालून आपल्या पायाकडे पाहिलं.

"गाडीत असं होत नाही," तो म्हणाला.

"कशावरून?"

त्यानं तो मोजा ओढून काढला.

संध्याकाळी वन्सं आल्या त्या वास घेतच. स्वयंपाकघर पुसलेलं होतं, पण काळं पातेलं ड्रायव्हरणीनं मुद्दाम घासलं नव्हतं. ते ओट्यावर होतं. वन्संनी ते उचललं, आत बघितलं, खाली ठेवलं.

"म्हणजे झालंच शेवटी."

"झालं," ड्रायव्हरीण म्हणाली. जीभ सुजली होती, शब्द बोबडे येत होते. "तळायला तेल ठेवलं होतं. चूक माझी. घरात माणूस आहे म्हणून ठेवलं. याआधीही दोनदा पडले होते, तुम्हाला सांगितलं नाही."

"मग उद्यापासून..."

"ताई," ड्रायव्हर म्हणाला, "गजर वाजला होता."

वन्सं त्याच्याकडे वळल्या.

"तीनदा वाजला. मी उठून बंद केला. झोपेत. हिच्या अंगावरून नजर गेली असेल, मला आठवत नाही. माझा हात नसता तर शिंपीणबाई पहिल्याच गजराला आल्या असत्या. ना पातेलं जळतं, ना हिला सरपटावं लागतं." तो एकदम बोलून टाकत होता, थांबलो तर उरेल अशा घाईनं. "उद्या सकाळी ऑफिसात सांगणार आहे. ओळीनं रात्रपाळ्या झेपत नाहीत म्हणून."

"हसतील तुला."

"हसू देत."

"बढती अडवतील."

"अडवू देत."

आयुष्यात पहिल्यांदा भाऊ त्यांच्यासमोर मान न हलवता बोलला होता. वन्सं खाली वाकल्या, गुडघे धरत, आणि ओट्याखालच्या सिलिंडरचं शिंग कोपरानं फिरवून बघितलं. एकदा इकडे, एकदा तिकडे.

"हे कुणी बसवलं?"

"मी."

"हं." त्या उठल्या. टेबलाच्या कडेला लोंबणारं आपलं कुलूप हातात घेतलं, त्यावरचं फडकं बाजूला केलं. "आता हे कुणाला घालू? हिला, की तुझ्या हाताला?"

भिंतीपलीकडे शिंपीणबाईंचं मशीन केव्हाचं थांबलेलं होतं. त्या कान लावून बसल्या होत्या हे तिघांनाही माहीत होतं.

"तळण बंद," वन्सं म्हणाल्या.

"घरात माणूस असल्याशिवाय बंद."

"जागं माणूस."

"जागं," ड्रायव्हरीण म्हणाली.

उद्याचं कुणी बोललं नाही. वन्सं जाताना उंबऱ्यात थांबल्या. "आठवडाभर बघते," म्हणाल्या. "वचन देत नाही."

दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंनी माळ्यावरचं जुन्या मशीनचं लोखंडी स्टँड काढलं. पायानं चालवायचं मशीन कधीच मोडीत गेलं होतं, स्टँड मात्र तिघींना पुरून उरेल असं. ट्रंका पलंगाखाली गेल्या, दार स्टँडवर चढलं. आता उंबऱ्यातून टेबलाखालून थेट ओट्यापर्यंतची फरशी दिसत होती. शिंपीणबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पड बघू जरा, दिसतेस का?" आणि ड्रायव्हरीण खरंच आडवी झाली. "दिसतेस, दिसतेस. ऊठ आता, अंगाला माती लागेल."

फोनचा प्रश्न राहिला. पेल्यातला फोन झोपेतला हात सहज दाबतो. फोन लपवला तर तिलाही लांब पडतो. ती यावर विचार करत असतानाच वन्सं आल्या. पिशवीतून त्यांनी फळांवर झाकायची तारेची जाळी काढली, घुमटासारखी, आणि न बोलता फळीवर ठेवली. ड्रायव्हरणीनं पेला तिच्याखाली ठेवला, जाळीची कड फळीला कपड्यांच्या तीन चिमट्यांनी पकडली. प्रत्येक चिमट्याचं तोंड वेगळ्या दिशेला.

"एवढे कशाला?" वन्संनी विचारलं.

"एक चिमटा झोपेत निघेल. तिन्ही काढेपर्यंत माणूस जागं होतं."

"आणि तू? तुलाही दर वेळी तीन काढावे लागतील."

"मी जागीच असते, वन्सं."

ड्रायव्हरला ऑफिसात कुणी हसलं नाही. लगेच काही झालंही नाही. अर्ज पुढे गेला, मधल्या मधल्या रात्री मोकळ्या मिळाल्या. मग एक दिवस तो म्हणाला, "गडबड बटणाची नव्हती. बटण एकटा माणूसही दाबतो. तू बटण घेतलंस, पुकारणं घेतलं नाहीस."

"आणि पुकारलंत तेव्हा?"

"तू 'अं' म्हणालीस. 'अं' हे काय उत्तर आहे? सहायक 'अं' म्हणाला तर मी त्याला खाली उतरवेन."

म्हणून नियम ठरला. कळ दाबणाऱ्यानं पुकारायचं, आणि उत्तरात ओट्यावर जे असेल ते सांगायचं. जे दिसतं तेच. दुसरं काही चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात वन्सं दुपारच्याच आल्या, न सांगता. ड्रायव्हर रात्रपाळीहून येऊन झोपला होता. ड्रायव्हरीण टेबलाशी बसून पाटावर भाजी चिरत होती. वन्सं तिच्यासमोर बसल्या, पर्स मांडीवर धरून.

जाळीखाली फोन बोंबलला. ड्रायव्हरीण उठली नाही. तिनं वन्संना बोटानं थांबायची खूण केली.

पलंग करकरला. पाय आले, दोन्ही अनवाणी. झोपेतला हात फळीवर गेला, जाळीला लागला, चाचपडला. एक चिमटा निघाला. दुसऱ्याशी बोटं अडखळली. फोन वाजतच होता. तिसऱ्यावर त्यानं डोळे उघडले, जाळी उचलली, कळ दाबली. मग तिथूनच, बसक्या पण जाग्या आवाजात:

"ओट्यावर काय?"

"पातेलं, मागच्या शेगडीवर," ती म्हणाली. "गाळणीत बटाटे. पाणी अर्धं आहे. समोर वन्सं बसल्यात."

तो दचकला, चिमटे परत लावू लागला.

"झोप जा," वन्सं म्हणाल्या. मग पर्स बाजूला ठेवून त्यांनी दुसरी सुरी ओढली. "दे इकडे ती भाजी. आणि ते फडकं कुलुपावरून काढ, गळतंय माझ्या पायावर."